गारेगारकाकांनी वळवलेलं वादळ

जगातली सगळी वादळं कोण तयार करतं, असं गल्लीत कोणालाही विचारलं असतं, तर "काकांना विचारा" एवढंच उत्तर मिळालं असतं. काका म्हणजे गारेगारकाका. एसी आणि फ्रीज दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि उरलेल्या वेळात जग दुरुस्त करणं हा छंद. दुकानाच्या पाटीवर त्यांनी हौसेने ठसठशीत अक्षरांत 'गारेगार' असं रंगवून घेतलं होतं. ते पाटीवरून उतरून आपल्या अंगाला कधी चिकटलं, ते त्यांनाही कळलं नाही. खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं.

कामात माणूस चोख होता, हे आधी सांगितलं पाहिजे, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. भाड्याच्या खोलीतला जुनाट फ्रीज असो की बँकेतला छताएवढा एसी, काकांनी हात लावला की यंत्र मुकाट्याने थंड व्हायचं. गिऱ्हाइकाला फसवणं नाही, चालू भाग बदलणं नाही, उगाच दोन फेऱ्या मारणं नाही. आता, ज्या माणसाचं कंप्रेसरच्या बाबतीत कधी चुकत नाही त्याचं समुद्राच्या बाबतीत तरी कसं चुकेल, असं लोकांना वाटायचं. काकांना तर ते लोकांच्याही आधीपासून वाटत होतं.

त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा होता. एसीमध्ये नवा गॅस भरण्याआधी नळ्यांमधली हवा पूर्ण ओढून काढावी लागते. त्यासाठी पंप लावायचा, तो घरघरत राहतो, आणि घड्याळाच्या तबकडीसारख्या गेजवर काटा खाली खाली जातो. म्हणजे कमी दाब. काकांनी उभा जन्म हेच काम केलं होतं, आणि पंप न लावता काटा आपण होऊन खाली गेलाय असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कधी गेलाच, तर कुठेतरी गळती असायची. आणि इकडे बातम्यांमधली बाई रोज सांगत होती की समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आहे.

"तयार झाला म्हणे," काका पाना खाली ठेवून म्हणायचे. "आपोआप तयार होतो होय? दाब कमी झाला म्हणजे एक तर गळती, नाहीतर पंप. समुद्राला गळती कुठून असणार? मग राहिलं काय?"

समोरचा इस्त्रीवाला म्हणायचा, "पंप."

इस्त्रीवाला हा काकांचा पहिला आणि सर्वांत निष्ठावान शिष्य. त्याची टपरी काकांच्या दुकानाच्या बरोबर समोर होती, आणि दिवसभर इस्त्री फिरवताना त्याचे कान मोकळेच असायचे. शिष्य व्हायला एवढी पात्रता पुरते.

एकदा पंप सिद्ध झाल्यावर बाकीचं ओघानेच आलं. वादळ येणार हे या लोकांना चार दिवस आधी कसं कळतं? ज्याने पाठवलं त्यालाच कळणार. वादळाला नाव असतं, आणि ते नाव वादळ जन्मायच्या आधीच ठरलेलं असतं. आता न जन्मलेल्याचं नाव ठरवून ठेवायला ते काय आपोआप होतं? वादळ ऐन वेळी वळतं कसं, यावर तर काकांना विचारही करावा लागला नाही. घरोघरच्या एसीच्या रिमोटवर हवेची दिशा बदलायचं बटण असतं, आणि ते आपल्यासारख्या फाटक्या माणसाच्या हातात असतं. मोठ्या लोकांच्या हातात त्या मानाने मोठं बटण असणार. आणि ते बटण कुठे आहे हेही काकांना ठाऊक होतं. गावाबाहेरच्या टेकडीवर हवामान खात्याचा पांढरा घुमट होता. त्यात म्हणे नुसतं रडार होतं. "नुसतं" या शब्दावर काका असे हसायचे की ऐकणाऱ्याला आपल्या भोळेपणाची लाज वाटावी.

घरात मात्र या विद्वत्तेला भाव नव्हता. काकूंनी एकदाच सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की समुद्रावरचा पंप सापडला असेल तर आपल्या टाकीचा पंप आठवडाभर बंद आहे तो कधी बघणार. त्यानंतर काकांनी घरात तो विषय काढणं सोडून दिलं.

ऐकून घेणारं हक्काचं माणूस एकच होतं, काकांची धाकटी बहीण. ती किनाऱ्याने खाली गेलं की लागणाऱ्या एका लहानशा गावात राहायची. नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, वर सगळीकडे पत्रे. आईवडील लवकर गेल्यामुळे तिला काकांनीच वाढवलं होतं. वेण्यासुद्धा त्यांनी घातल्या होत्या, आणि त्या फार वाईट घातल्या होत्या. जगात काकांचा जीव कुणावर असेल तर तो या बहिणीवर. ती फोन करायची, दादाचं पंपपुराण ऐकायची, मधे मधे "हो का" म्हणायची, आणि शेवटी दोन वेळा नीट जेवत जा असं सांगून फोन ठेवायची. आपल्या सिद्धान्ताला तिचा पाठिंबा आहे, असं काका समजून चालले होते.

त्या वर्षी वादळ आलं ते सरळ गावावरच चालून यायला निघालं. बातम्यांमधल्या नकाशावर भोवऱ्यासारखी पांढरी चकती फिरत होती आणि तिच्यापासून निघालेली लाल रेघ थेट काकांच्या गावात येऊन थांबत होती. गावात एकच धांदल उडाली. दुकानांच्या पाट्या उतरल्या, खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या, मेणबत्त्या मिळेनाशा झाल्या. काका दुकानाच्या पायरीवर हाताची घडी घालून उभे होते. आपलं म्हणणं इतक्या ठळकपणे खरं होताना बघून त्यांना भीती वाटायची ती वाटत होतीच, पण थोडं बरंही वाटत होतं.

आणि नेमका त्याच सकाळी टेकडीवरून फोन आला. हवामान खात्याच्या यंत्रांच्या खोलीतला एसी बंद पडला होता, यंत्रं तापायला लागली होती, आणि ज्या कंपनीकडे देखभाल होती तिचा माणूस वादळाच्या भीतीने घराबाहेर पडायला तयार नव्हता. काका येतील का?

काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. पंप, गेज, गॅसची टाकी असं सगळं सामान घेऊन ते घुमटाखालच्या खोलीत शिरले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर शत्रूच्या किल्ल्यात पाहुणा म्हणून बोलावल्याचा भाव होता. आत लोखंडी कपाटांसारखी यंत्रं घूं घूं करत होती. पडद्यावर तीच चकती फिरत होती. तिथल्या मुख्य अधिकारी मॅडम दोन कानांना दोन फोन लावून उभ्या होत्या. त्या कालपासून घरी गेल्या नसाव्यात, कारण केसांत खोचलेलं पेन त्या टेबलावर शोधत होत्या. काकांनी चोरट्या नजरेने बटण शोधून पाहिलं. पुष्कळ बटणं होती. कोणतं ते विचारायला त्यांचा धीर झाला नाही.

एसीचं दुखणं साधं होतं. तांब्याच्या नळीचा सांधा सैल होऊन गॅस निघून गेला होता. काकांनी सांधा नवा केला, पंप लावून नळ्या रिकाम्या केल्या, गॅस भरला. खोली थंड झाली. मॅडमनी फोन बाजूला करून मनापासून आभार मानले आणि बिल मागितलं.

"बिल राहू द्या," काका म्हणाले. मग त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "फक्त आमच्या बाजूचं तेवढं बघा."

वर्षानुवर्षं ज्यांच्या नावाने बोटं मोडली, त्यांच्याशी ओळख निघाल्यावर काकांनी काय मागितलं हे इथे नीट पाहण्यासारखं आहे. वादळं पाठवणं बंद करा, असं ते म्हणाले नाहीत. या पापाचा हिशेब द्यावा लागेल, असंही म्हणाले नाहीत. आमच्या गावावरून नको, एवढंच म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवशी गावातल्या प्रत्येकाने त्यांना हेच ऐकवलं असणार, कुणी थट्टेने, कुणी रडकुंडीला येऊन. त्या थकलेलं हसू हसल्या. "बघते हं, काय करता येतं ते."

दुसऱ्या कोणाला त्यात, खोलीतला माणूस पंपासकट लवकर बाहेर जावा म्हणून धडपडणारी एक बाई दिसली असती. पण काका सरकारी कचेऱ्यांमध्ये पुष्कळ फिरलेले होते. दुकानाचा परवाना, नळाची जोडणी, पाटीची परवानगी, त्यांची सगळी कामं अशाच कुणाच्या तरी "बघतो" वर झाली होती, आणि प्रत्येक वेळी त्या आधी कुणाचा तरी फ्रीज फुकटात दुरुस्त झाला होता. वशिला म्हणजे काय आणि तो लागला हे कसं ओळखायचं, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती.

आणि दुपारच्या बातम्यांमध्ये लाल रेघ सरकली. वादळाने दिशा बदलायला सुरुवात केली आहे, गावावरचा धोका कमी झाला आहे, असं बातम्यांमधली बाई म्हणाली. किनाऱ्यावरच्या बाकीच्या भागाबद्दलही ती पुढे काही सांगत होती, पण तेवढं ऐकायला दुकानात कोणी थांबलं नाही. इस्त्रीवाला रस्ता ओलांडून धावत आला, काकांनी त्याला सकाळची हकिकत सांगितली, आणि त्याने ती अर्ध्या तासात सगळ्या गल्लीला सांगितली. संध्याकाळपर्यंत दुकानात उभं राहायला जागा नव्हती. चहावर चहा येत होता. मॅडम काकांना काय म्हणाल्या, काका मॅडमना काय म्हणाले, हे दर फेरीला थोडं थोडं वाढत गेलं, आणि पाचव्या चहाला मॅडम काकांना विचारूनच बटण दाबत होत्या. काकांचे पाय जमिनीला लागत नव्हते. काय वाटेल ते सांगत सुटलेल्या माणसाला ऐकणारे एवढे मिळाले, की तो स्वतःचं स्वतःही ऐकायला लागतो.

वळवलेलं वादळ पुढे कुठेतरी जात असेल, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. खोलीतली गरम हवा एसी बाहेर टाकतो. ती बाहेर गेली की गिऱ्हाईक खूश होतं आणि मिस्त्री घरी जातो. ती शेजाऱ्याच्या खिडकीत शिरते की नाही हे बघायला कोणी थांबत नाही.

त्याच गर्दीत बहिणीचा फोन आला. काकांचे हात चहाच्या पेल्यात गुंतलेले, म्हणून त्यांनी फोनचा स्पीकर लावला. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना ऐकू यावं म्हणूनही लावला. बहिणीने विचारलं, की इकडे लोक घरं सोडायला लागलेत, तर आम्ही दोघं तुझ्याकडे येऊ का.

"कशाला येतेस?" काका म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "वादळ मी वळवलंय. वरपर्यंत बोलणं झालंय माझं. येऊ नकोस. पांघरूण घेऊन निवांत झोप."

दुकानात हशा आणि टाळ्या. तो सगळा पलीकडे ऐकू गेला. मग ती म्हणाली, "बरं."

पहाटे वादळ तिच्या गावावर आलं.

काकांना ते सकाळी बातम्यांमध्ये कळलं. पडद्यावर छपरं नसलेली घरं दाखवत होते. गावाचं नाव वाचलं आणि त्यांनी बहिणीचा नंबर फिरवला. फोन लागेना. इस्त्रीवाल्याने कुणाचा तरी टेम्पो आणला, काकू पाण्याचे कॅन आणि चादरी घेऊन पुढे बसल्या, आणि वाटेत पडलेली झाडं चुकवत ते दुपारी कसेबसे पोचले. घर नव्हतं. दुकानाच्या जागी एक आरसा भिंतीला टांगलेला राहिला होता आणि त्यात आभाळ दिसत होतं. काका त्या आरशासमोर लहान मुलासारखे रडले. नंतर शेजारच्यांनी सांगितलं की दोघं जिवंत आहेत, इस्पितळात आहेत. पहाटे छपराचा वासा कोसळताना मेहुण्यांनी बायकोला ढकललं, आणि तो त्यांच्या उजव्या हातावर पडला.

हात वाचला. बोटं पूर्वीसारखी मिटतील की नाही, ते डॉक्टरांना सांगता येईना. कात्री धरणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मेहुण्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. काकांनी दोघांना घरी आणलं, आपली खोली दिली, आणि स्वतः बाहेरच्या खोलीत जमिनीवर पथारी टाकली.

इकडे गल्लीनेही डोकं चालवलं होतं. वादळ काकांनी वळवलं, हे तर सिद्धच होतं; सगळ्यांनी चहा पिऊन ते मान्य केलं होतं. मग ते बहिणीच्या घरावर कोणी घातलं, याचं उत्तर वेगळं कसं असणार? तोंडावर कोणी काही म्हणत नव्हतं, पण काका आले की बोलणं थांबायचं. इस्त्रीवाल्याने तर अगदी कळवळून सांगितलं, की काका, मॅडमना थोडं पुढे ढकलायला सांगायला हवं होतं, वाटेत आपलं माणूस आहे म्हणून. तो मनापासून बोलत होता. म्हणूनच ते काकांना जास्त लागलं.

त्या दिवसांत काकांचं अन्नावरून मन उडालं. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. वादळ माणसं वळवतात हे खरं धरलं, तर आपण आपल्या हाताने आपल्या बहिणीचं घर पाडलं आणि मेहुण्यांचा हात मोडला. आणि ते खोटं धरलं, तर आपण निर्दोष. पण मग इतकी वर्षं गल्लीला गोळा करून जे काही सांगितलं, ती शुद्ध बडबड. आपण पापी की गाढव, एवढंच ठरवायचं होतं. एरवी समुद्राच्या तळापर्यंत बुद्धी चालवणाऱ्या माणसाला हे ठरवायला पुष्कळ वेळ लागला. शेवटी त्यांनी गाढव व्हायचं ठरवलं. बहिणीसाठी त्यांनी एक गोष्ट सोडली, आणि ती त्यांची सर्वांत लाडकी गोष्ट होती, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

दुपारची वेळ होती. बहीण बाहेरच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत बसली होती, मेहुणे गळ्यात अडकवलेला हात सांभाळत खिडकीशी होते, काकू भाजी निवडत होत्या, आणि इस्त्रीवाला कपडे द्यायला म्हणून येऊन दारात रेंगाळला होता. साक्षीदार पुरेसे आहेत असं पाहून काका उभे राहिले.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "वादळ कोणी वळवत नाही. कोणाला वळवता येत नाही. कमी दाब समुद्रावर आपोआप होतो, पाणी तापलं की. पंपबिंप काही नसतो. मी इतकी वर्षं वाटेल ते बोलत होतो."

काकूंचा हात भाजीवर थांबला. इस्त्रीवाल्याचा चेहरा वीज गेल्यासारखा झाला. काका फक्त बहिणीकडे बघत होते, एवढं मोठं ओझं उतरल्यावर आता ती काय म्हणते म्हणून.

"ते माहीत आहे रे दादा," ती घडी घालता घालता म्हणाली. "ते कोणाला माहीत नाही?"

काका तिच्याकडे बघतच राहिले. "तुला माहीत होतं? मग त्या दिवशी मी येऊ नकोस म्हटलं, तर तू ऐकलंस कशाला?"

तिने हातातला शर्ट मांडीवर ठेवला. राग नव्हता तिच्या आवाजात; असता तर बरं झालं असतं.

"मला वाटलं, आम्ही यायला नको असू तुला. मागच्या वादळात इतके दिवस राहिलो होतो तुमच्याकडे. तोंडावर नाही म्हणवत नसेल, म्हणून वादळाचं काहीतरी सांगतोयस. मागे माणसं हसत पण होती. मग यांना म्हटलं, राहू दे, नको जाऊ या."

मेहुण्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"अगं नाही गं," काका म्हणाले. "तसं कसं वाटलं तुला? मला खरंच वाटत होतं मी ते वळवलंय. देवाशप्पथ. मॅडम बघते म्हणाल्या होत्या. बिलसुद्धा घेतलं नाही मी. मला अगदी खरं वाटत होतं, विचार याला." त्यांनी इस्त्रीवाल्याकडे हात केला. इस्त्रीवाल्याने जोरजोरात मान हलवली, पण त्याच्या साक्षीला या घरात कधीच किंमत नव्हती. काका पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले: सांधा सैल होता, गॅस निघून गेला होता, पंप लावला, मग मॅडम हसल्या. ज्या मूर्खपणाची त्यांनी आताच सगळ्यांदेखत कबुली दिली होती, तो आपल्यात खरोखरच होता, हे आता त्यांना शपथेवर पटवून द्यायचं होतं. आयुष्यभर त्यांच्या वाटेल त्या गोष्टीवर लोकांनी विश्वास ठेवला होता. आता एक गोष्ट खरी होती आणि ती पटायला हवी होती फक्त एका माणसाला.

बहिणीने सगळं ऐकून घेतलं. फोनवर ऐकायची तसंच.

"हो का," ती म्हणाली. "असू दे, दादा." आणि तो शर्ट घेऊन नवऱ्याजवळ गेली, कारण बटणं त्याला एका हाताने लावता येत नव्हती.